लिनक्सच्या मालकीवरून नोटीस आली, पतसंस्थेने काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. फोंड्यात मुख्य कार्यालय, डिचोली, साखळी आणि म्हापशाला शाखा असलेली पतसंस्था. काउंटरवरच्या संगणकांवर लिनक्स मिंट, हिशेबाचा सर्व्हर सेंटओएस ७ वर; दोन्ही लिनक्स या खुल्या, मोफत संगणक प्रणालीचेच प्रकार. एका कंपनीच्या नावाने ईमेल आलं आहे: लिनक्समध्ये आमच्या कॉपीराइटचा कोड आहे, दर यंत्रामागे परवाना शुल्क भरा, १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर कारवाई. संचालकांपैकी कोणी म्हणतात विंडोज घ्या, कोणी म्हणतात मेल पुसून टाका, आणि तुमचा मित्र फ्रीबीएसडी ही दुसरी मोफत प्रणाली सुचवतो आहे. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की त्याच सर्व्हरची डिस्क इमेज (म्हणजे संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत) ओळखीच्या दोन संस्थांनाही करून दिली आहे.

त्या शेवटच्या वाक्याकडे मी नंतर येतो, कारण त्यातून निघणारी जबाबदारी खरी आहे आणि ती नोटिशीत नाही. आधी मूळ गोष्ट. ‘लिनक्स कायदेशीर आहे का’ या प्रश्नात अडकू नका. विचारायचं ते असं: दावा करणारा नेमक्या कोणत्या कोडबद्दल बोलतोय, तो कोड त्याचाच असल्याचा कागद त्याच्याकडे आहे का, आणि तुम्ही त्या कोडचे फक्त वापरकर्ते आहात की वाटप करणारेही? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत पैसे भरू नयेत, यंत्रं पुसू नयेत आणि गप्पही बसू नये.

अशा बातम्या आल्या की लोक तीन वेगळी भांडणं एकत्र करतात. पहिलं मालकीचं: ‘तुमच्या प्रणालीत माझा कोड घुसला आहे.’ दुसरं अटींचं: कोड कुणाचा याबद्दल वाद नाही, पण वाटणाऱ्याने जीपीएलच्या, म्हणजे लिनक्स ज्या खुल्या परवान्याखाली वाटलं जातं त्याच्या, अटी पाळल्या नाहीत. राउटर बनवणाऱ्या कंपन्यांवर झालेले खटले या जातीचे. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने सायटेकॉमला मनाई केली ती यासाठीच, आणि त्यात राउटर विकत घेतलेल्या ग्राहकांना कुणी कोर्टात खेचलं नाही. तिसरं भांडण पुरवठ्याचं. २०२३ च्या जूनमध्ये लिनक्स विकणाऱ्या रेड हॅट कंपनीने आपल्या मुख्य प्रणालीचा सोर्स (मूळ लिहिलेला कोड) सर्वांसाठी खुला ठेवणं थांबवून तो ग्राहकांपुरता ठेवला, तेव्हा फार राग उसळला. पण जीपीएल सांगतं की ज्याला प्रोग्रॅम दिला त्याला सोर्स द्या. सगळ्या जगाला द्या असं नाही. राग समजण्यासारखा होता, पण त्यातून वापरकर्त्यावर कॉपीराइटचा कुठलाही दावा उभा राहत नव्हता. तुमची नोटीस पहिल्या जातीची आहे, म्हणून तिच्यावरच थांबतो.

या जातीचा सर्वांत मोठा खटला एससीओ विरुद्ध आयबीएम. मार्च २००३ मध्ये एससीओ या सॉफ्टवेअर कंपनीने आयबीएमवर युनिक्सचा, म्हणजे लिनक्सच्या आधीच्या एका जुन्या प्रणालीचा, कोड लिनक्समध्ये घातल्याचा आरोप करून १ अब्ज डॉलरचा दावा लावला. पुढे ही रक्कम ५ अब्जांपर्यंत नेली. मे महिन्यात सुमारे १,५०० मोठ्या कंपन्यांना पत्रं गेली की नुसतं लिनक्स वापरल्यानेही तुम्ही अडचणीत येऊ शकता. ऑगस्टमध्ये दर जाहीर झाला: सर्व्हरच्या एका प्रोसेसरमागे ६९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने तीस हजार रुपयांच्या वर. तुम्हाला आलेल्या पत्राचा साचा हाच आहे.

पुढे काय झालं ते तपशिलात सांगतो, कारण तुमचं उत्तर त्यावरूनच लिहायचं आहे. एससीओने ऑगस्ट २००३ मध्ये लास वेगासच्या आपल्या संमेलनात ‘चोरलेला’ कोड पडद्यावर दाखवला. काही दिवसांतच लोकांनी तो कुठून आला हे शोधून काढलं. एक तुकडा मेमरी वाटपाचा, ज्याची मुळं जुन्या युनिक्समध्ये होती. आणि ते जुनं युनिक्स एससीओच्याच आधीच्या अवताराने, कॅल्डेराने, जानेवारी २००२ मध्ये खुल्या परवान्याखाली सोडलेलं होतं. दुसरा तुकडा पॅकेट फिल्टरचा (नेटवर्कवरून येणारी माहिती गाळणारा), त्याचा उगम बर्कली विद्यापीठाकडे. कोर्टात एससीओने २९४ मुद्दे मांडले. त्यातले निम्म्याहून जास्त २००६ मध्ये बाद झाले, कारण कोणती आवृत्ती, कोणती फाइल, कोणती ओळ हे त्यांना सांगता येत नव्हतं.

त्याहून मोठा घाव मालकीच्या कागदावर बसला. १९९५ साली नॉव्हेल कंपनीने युनिक्सचा धंदा विकला, तोच पुढे एससीओकडे आला, पण विक्रीच्या करारात कॉपीराइट वगळले होते. दुसऱ्या वर्षीच्या दुरुस्तीने ते आले की नाही यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. ऑगस्ट २००७ मध्ये न्यायाधीशांनी कॉपीराइट नॉव्हेलचेच असा निर्णय दिला आणि पुढच्याच महिन्यात एससीओने दिवाळखोरीचा अर्ज केला. अपिलात तो निर्णय फिरला, पण मार्च २०१० मध्ये ज्यूरीनेही नॉव्हेलच्याच बाजूने कौल दिला. आयबीएमबरोबरचा खटला २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोडीने मिटला. जमीन घेताना आपण एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) आणि विक्रीखत मागतो तेच इथे आधी मागायचं असतं, हे त्या खटल्याने दाखवलं.

या काळात वापरकर्ते कसे वागले ते तुमच्या संचालक मंडळाला जरूर सांगा. ईव्हीवन सर्व्हर्स या होस्टिंग कंपनीने २००४ मध्ये एससीओचा परवाना घेतला. तिच्या ग्राहकांनीच तिला धारेवर धरलं, आणि पुन्हा वेळ आली तर असं करणार नाही हे तिच्या प्रमुखाला जाहीर सांगावं लागलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मायडूम नावाच्या व्हायरसने एससीओचं संकेतस्थळ पाडलं. संशय लिनक्सवाल्यांवर आला आणि ज्यांचा काही संबंध नव्हता ते बदनाम झाले. उपयोगाची प्रतिक्रिया होती ती ग्रोकलॉ या संकेतस्थळावर जमलेल्या लोकांची. त्यांनी कोर्टाची कागदपत्रं वाचली, जुनी युनिक्सची पुस्तकं आणि टेपा धुंडाळल्या, प्रत्येक ओळीचा उगम शोधला. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, विकासकांनीही धडा घेतला: २००४ पासून प्रत्येक बदलाखाली तो देण्याचा हक्क आपल्याला आहे अशी नावानिशी ग्वाही द्यावी लागते. आज कर्नलमधली एखादी ओळ कधी, कुणी, कुणामार्फत आणली हे काही मिनिटांत दाखवता येतं. अशी सोय १९९० च्या दशकात नव्हती.

एससीओने वापरकर्त्यांवर दावे लावलेच नाहीत असं मात्र नाही. मार्च २००४ मध्ये ऑटोझोन आणि डेमलर-क्रायस्लरवर लावले. पण दोघांचेही जुन्या युनिक्सचे करार होते, आणि डेमलर-क्रायस्लरविरुद्धचा दावा काही महिन्यांतच जवळजवळ सगळा फेटाळला गेला. म्हणून एक काम तुम्ही करा. नव्वदच्या दशकात बँकांच्या शाखांत एससीओ युनिक्स सर्रास असे. तुमच्या संस्थेनेही तेव्हा ते घेतलं होतं का, त्याचा परवाना किंवा करार जुन्या कपाटात आहे का, बघा. असेल तर तो वकिलाला दाखवल्याशिवाय उत्तर पाठवू नका. करार असेल तर मामला निव्वळ कॉपीराइटचा राहत नाही.

मित्राच्या फ्रीबीएसडीबद्दल: प्रणाली उत्तम आहे, पण या कारणासाठी तिकडे जाणं निरर्थक आहे. एप्रिल १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स शाखेने फ्रीबीएसडी ज्यातून निघाली त्या बीएसडीवरच असा दावा लावला होता. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली तेव्हा सुमारे १८,००० फायलींपैकी तीन काढल्या गेल्या आणि साधारण ७० फायलींवर कॉपीराइटची ओळ घातली गेली. फ्रीबीएसडीला मात्र जुन्या पायावरचं वितरण जुलैअखेर थांबवून नव्या पायावर आवृत्ती २ उभी करावी लागली. ती दोन वर्षं अनिश्चिततेत गेली, लोक थांबून राहिले, आणि त्याच काळात लिनक्स पुढे निघून गेलं. म्हणजे नुकसान झालं ते प्रामुख्याने थांबण्याचं आणि घाबरण्याचं. दाव्यापासून कायमची सुरक्षित अशी कुठलीही प्रणाली नाही.

आता आपल्या कायद्याकडे. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. कायदेशीर ताबा असलेल्याने प्रोग्रॅम ज्या कामासाठी मिळाला त्यासाठी किंवा सुरक्षेसाठी प्रत करणं हा कलम ५२ प्रमाणे भंग नाही. कलम ६३ बी मात्र नीट वाचा: भंग करून केलेली प्रत ‘माहीत असून’ संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. सगळा भार ‘माहीत असून’ या शब्दांवर आहे. म्हणूनच मेल पुसून टाकायचा सल्ला मला चुकीचा वाटतो. नोटीस मिळाल्यानंतरचं मौन उद्या ‘यांना माहीत होतं’ असं वाचलं जाऊ शकतं. ‘आम्ही तपशील मागितला, तो मिळाला नाही’ असा कागद हातात असणं ही वेगळी गोष्ट आहे. दुसऱ्या बाजूने कलम ६० तुमच्या कामाचं आहे: कुणी निराधार धमक्या देत असेल तर ज्याला त्या मिळाल्या तो स्वतः कोर्टात जाऊन त्या निराधार असल्याचं जाहीर करून घेऊ शकतो आणि मनाई मागू शकतो. आणि कलम ६२ मुळे दावा करणारा स्वतः राहतो किंवा धंदा करतो त्या ठिकाणीही दावा लावू शकतो. कंपनी दिल्लीची असेल तर तारखा दिल्लीत पडू शकतात. पणजी-मडगावच्या वकिलाशी बोलताना हा खर्च आधी विचारात घ्या.

जीपीएल परवाना मात्र तुमच्या बाजूचा आहे. लिनक्स कर्नल आवृत्ती २ च्या जीपीएलखाली आहे. प्रोग्रॅम चालवण्यावर त्यात बंधन नाही. तुम्हाला परवाना मिळतो तो मूळ हक्कधारकाकडून, मधल्या विक्रेत्याकडून नाही. त्यामुळे विक्रेत्याने अटी मोडल्या तरी तुम्ही अटी पाळत असाल तर तुमचा परवाना शाबूत राहतो. मात्र फुकट वितरणात कुठलीही हमी नाही, हे त्याच परवान्यात स्पष्ट लिहिलंय. कुणी तुमच्यावर दावा केला तर मिंटचे विकासक तुमचा खर्च भरणार नाहीत. मंडळाला ती हमी हवीच असेल तर पैसे देऊन एखाद्या लिनक्स कंपनीचं सबस्क्रिप्शन घ्या, पण करारातलं नुकसानभरपाईचं कलम, तिची कमाल रक्कम आणि ‘तुम्ही कोडमध्ये बदल केला नसेल तरच’ यासारख्या अटी वाचून. तीस-चाळीस यंत्रांच्या पतसंस्थेला ती घ्यावी की नाही हे मी इथून ठरवू शकत नाही. तुमच्या लेखापरीक्षकाचा आग्रह आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचा करार यांवर ते अवलंबून आहे.

उत्तराआधी मेल खरं आहे का ते तपासा. जोडलेली फाइल उघडू नका. मेलच्या हेडरमध्ये पाठवणारं डोमेन बघा, कंपनीची नोंदणी बघा, वकिलाचं नाव असेल तर त्याचा पत्ता स्वतंत्रपणे शोधून तिथे फोन करा. फक्त बँक खात्याचा क्रमांक आणि मुदत असलेलं पत्र बहुतेक वेळा फसवणूक असतं. तशी खात्री झाली तर सायबर पोलिसांकडे तक्रार करा, आणि खाली दिलेलं उत्तर पाठवायची गरज उरत नाही.

पत्र खरं निघालं तर वकिलाच्या सहीने, मुदतीच्या आत, पोहोच मिळेल अशा टपालाने छोटं उत्तर द्या. त्यात पाच गोष्टी मागा: कोणत्या कृतीवर कॉपीराइट आहे आणि तिचा मूळ लेखक कोण; हक्क तुमच्याकडे आल्याचा लेखी, सहीचा हस्तांतरण करार, कारण आपल्या कायद्यात कलम १९ प्रमाणे तो लेखीच लागतो; लिनक्सची कोणती आवृत्ती, कोणती फाइल, कोणत्या ओळी; आम्ही काय वापरतो हे तुम्हाला कुठून कळलं; आणि तुम्ही स्वतः कधी हाच कोड जीपीएलखाली वितरित केला आहे का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. एससीओ स्वतः लिनक्स विकत होती आणि तो मुद्दा तिच्या गळ्यात अडकला. उत्तरात आपल्याकडे किती यंत्रं आहेत, कुठल्या आवृत्त्या आहेत हे लिहू नका, दिलगिरी व्यक्त करू नका, ‘परवान्याचा विचार करू’ असं म्हणू नका. संचालक मंडळाच्या इतिवृत्तात हा विषय आणि ठराव नोंदवा. आणि पत्राचा फोटो व्हॉट्सअॅपच्या गटांवर फिरवू नका. त्यावरच्या शेऱ्यांतून बदनामीचा नवा वाद निघतो.

घाबरून लगेच यंत्रं फॉरमॅट करणं ही सर्वांत सामान्य चूक. नोटिशीनंतर पुसलेली डिस्क पुरावा नष्ट केल्यासारखी दिसते, आणि तुमच्या बाजूचा पुरावाही तिच्याबरोबर जातो. त्याऐवजी सर्व्हरची आणि प्रत्येक शाखेतल्या एका नमुना यंत्राची पूर्ण इमेज बाहेरच्या डिस्कवर घ्या, तिचा चेकसम (प्रत बदलली नाही हे दाखवणारा आकडा) लिहून ठेवा आणि डिस्क लॉकरमध्ये ठेवा. मग यादी करा. मिंटवर डीपीकेजी आणि सेंटओएसवर आरपीएम या आज्ञेने सगळ्या पॅकेजांची (बसवलेल्या प्रोग्रॅमांची) नावं आणि आवृत्त्या फाइलमध्ये काढता येतात. आरपीएम प्रत्येकाचा परवानाही छापतो. मिंटमध्ये तो यूएसआर, मग शेअर, मग डॉक या फोल्डरात, प्रत्येक पॅकेजच्या नावाखाली ‘कॉपीराइट’ या फाइलमध्ये असतो. त्यासोबत कोणती आयएसओ (प्रणाली बसवण्याची फाइल), कुठल्या मिररवरून (तिची प्रत ठेवणाऱ्या संकेतस्थळावरून), कोणत्या तारखेला उतरवली आणि तिचा चेकसम अधिकृत पानावरच्याशी जुळतो का, हे लिहा. चांगल्या विश्वासाने, ज्ञात स्रोतातून घेतलं हे दाखवायला एवढं पुरतं.

ही यादी करताना बहुधा वेगळंच काहीतरी सापडेल. कार्यालयांमध्ये विंडोजमधून उचलून लिनक्सवर टाकलेला ‘मंगल’ फॉन्ट, व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅमचा धंद्याच्या वापरासाठी मोफत नसलेला एक्स्टेन्शन पॅक, चावी फोडलेलं जुनं मराठी टंकलेखन सॉफ्टवेअर हे हमखास असतं. यांच्या मालकीबद्दल कुणाच्याही मनात शंका नाही, आणि कलम ६३ बी इथे सरळ लागू शकतं. फॉन्टसाठी लोहित देवनागरी किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. दोन्ही खुल्या परवान्याखाली आहेत. जुन्या पावत्यांच्या साच्यांत ओळीची उंची थोडी बदलेल, तेवढे साचे जुळवून घ्यावे लागतील.

आता ती डिस्क इमेज. पुसायची नाही ती तुमच्याकडची प्रत. दुसऱ्यांना देण्याचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्याच शाखांमध्ये इमेज टाकली तर ती एकाच संस्थेच्या आतली गोष्ट. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला दिली की ते वितरण झालं, पैसे घेतले असोत वा नसोत. जीपीएलची आवृत्ती २ म्हणते की प्रोग्रॅमबरोबर सोर्स द्या, किंवा निदान तीन वर्षं सोर्स देण्याची लेखी तयारी द्या. ‘इंटरनेटवर मिळतो की’ हे उत्तर त्यात बसत नाही. इमेजमध्ये असलेल्या नेमक्या आवृत्त्यांची सोर्स पॅकेजं उतरवून ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर दोन्ही संस्थांना द्या, पोच घ्या आणि परवान्यांच्या फायली इमेजमधून कुणी जागा वाचवायला काढल्या नाहीत ना ते बघा. इमेजमध्ये हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं का? असेल तर ते बहुधा खुलं नाही, आणि ते दुसऱ्या संस्थेला देण्याचा हक्क तुम्हाला नसेल. पुरवठादाराला लेखी विचारा. आणि तुमच्या सभासदांच्या माहितीचा अंश त्या इमेजमध्ये राहिला नव्हता ना, हेही आजच तपासा. पुढच्या वेळी इमेज देऊच नका. त्या संस्थेने अधिकृत मिररवरून स्वतः प्रणाली उतरवावी, तुम्ही फक्त मांडणीची स्क्रिप्ट (आज्ञांची यादी) द्यावी. स्क्रिप्ट तुमची स्वतःची असते, म्हणून दुसऱ्यांच्या कोडच्या वितरणाचा प्रश्नच येत नाही.

सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या सर्व्हरवर ठेवीदारांचे हिशेब ठेवणं हा मला नोटिशीपेक्षा मोठा धोका वाटतो. सेंटओएसची जागा घेणाऱ्या अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सच्या ९ व्या आवृत्तीवर, वेगळ्या डिस्कवर ताजी मांडणी करा. ७ वरून थेट ९ वर जागच्या जागी उडी मारता येत नाही आणि ८ मार्गे जाताना जुन्या डेटाबेसची पॅकेजं अडतात. बॅकअप नव्या यंत्रावर उतरवून एका महिन्याचा ताळेबंद दोन्हीकडे काढा; पैशापर्यंत जुळला तरच बदल करा. मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर व्याज बसवण्याच्या दिवसांत हात लावू नका. चवथीच्या सुट्टीत शाखा बंद असतात, ती वेळ चांगली. पण इमेज घेऊन झाल्यावरच, आणि जुनी डिस्क नोटिशीचं प्रकरण मिटेपर्यंत तशीच ठेवून.

तुमच्या उत्तरानंतर समोरून काहीच आलं नाही तर फाइल बंद न करता ठेवा. नुसती दुसरी धमकी आली तर वकिलाशी कलम ६० बद्दल बोला. खरंच फायली आणि ओळींची यादी आली, तर ती गांभीर्याने घ्या: कर्नलच्या इतिहासात त्या ओळी कुणी कधी आणल्या ते काढा, तुमच्या पॅकेज यादीत ती आवृत्ती आहे का ते बघा, आणि मिंटच्या व अल्माच्या सुरक्षा पथकांना ती यादी पाठवा. दावा खरा निघाला तर ते तेवढा भाग बदलून अपडेट काढतील, जसं १९९४ मध्ये तीन फायलींचं झालं. ते अपडेट कोणत्या यंत्रावर कोणत्या तारखेला बसवलं याची नोंद मात्र तुम्हालाच ठेवावी लागेल.